टाळी वाजेपर्यंत

"भल्याभल्यांना घाम फोडतो मी! ही तर दुधाच्या दातांची पोरं!" पैलवान दंड थोपटत बायकोला म्हणाला.

पैलवान म्हणजे गल्लीतल्या व्यायामशाळेचा मास्तर. छाती दारात अडकेल एवढी, मन मात्र लोण्याचा गोळा. बालवाडीतल्या खेळाच्या बाई रजेवर गेल्या आणि त्याच्या लेकीने, चिमीने, वर्गात परस्पर जाहीर करून टाकलं, "माझा बाबा घेईल खेळ. तो कध्धीच दमत नाही!" आता लेकीचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?

"मी करीन तस्संच करायचं!" त्याने वर्गात गर्जना केली. "मी टाळी वाजवेपर्यंत कुणी थांबायचं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही!"

"होऽऽ काका!"

वर्गाच्या बाई निर्धास्त मनाने चहा प्यायला गेल्या. पैलवान अस्वलासारखा चालला, पोरं चालली. एका पायावर नाचला, पोरं नाचली. बेडूकउड्यांना तर पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला! पोरं दमली की टाळी वाजवायची, असा त्याचा बेत. पण दमतात ती पोरं कसली? त्याच्या तोंडाला फेस आला आणि ही मंडळी आत्ताच झोपेतून उठल्यासारखी टवटवीत! निमूट टाळी वाजवावी, तर चिमी अभिमानाने टक लावून बघत होती.

"आणखी एक!" म्हणत त्याने उडी मारली आणि कमरेत अशी उसण भरली की तो हातापायांवर तसाच थिजला.

"आई गंऽऽ!"

"आई गंऽऽ!" अख्खा वर्ग थिजला.

"अरे, थांबा!"

"अरे, थांबा!"

"हा खेळ नाही, बाळांनो!"

"हा खेळ नाही, बाळांनो!"

टाळी वाजवली की सुटका, हे त्याला कळत होतं. पण हात उचलावेत तर नाक फरशीवर! नियमही त्याचाच, बोलणार कुणाला? शेवटी बाईंना गाठायला तो रांगत दाराबाहेर पडला. मागे सगळा वर्ग, रांगत.

व्हरांड्यात मोठ्या बाई नव्या पालकांना शाळा दाखवत होत्या.

"ही आमची शिस्त बघा!" त्यांचा ऊर भरून आला. "एकही मूल रांग सोडत नाही!"

"मास्तर, हा व्यायाम कशाचा?" एका आजोबांनी विचारलं.

"कंबर..." पैलवान कण्हला.

"कंबर..." सगळी पोरं कण्हली.

"मग मला हवाच!" आजोबांनी काठी भिंतीला टेकवली आणि रांगेत शिरले. दोन आया पदर खोचून त्यांच्या मागे. आता मोठ्या बाईंनी तरी मागे कशाला राहायचं?

वरात अंगणात पोचली, तेव्हा पैलवानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दुखण्याचं थोडं, लाजेचं जास्त. लेकीने बघू नये म्हणून त्याने मान खाली घातली. पण चिमी भराभर रांगत पुढे आली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाबा, एकच हात दे. इतकुसा वर."

त्याने दात आवळून हात दोन बोटं उचलला. चिमीने खालून आपला तळहात टेकवला.

टप्प!

"वाजली टाळी! खेळ संपला!" चिमी ओरडली आणि सगळे धपाधप जमिनीवर पडले. आजोबा सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात खुशीत! अहो, पोरांची अक्कल दातांसारखी पडून पुन्हा यावी लागत नाही, पहिल्यापासूनच पक्की असते.

दुसऱ्या दिवशी पैलवान पालथा पडला होता आणि बायको कमरेला मलम चोळत होती. "लेकीसमोर लाज गेली गं," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. बायकोने हसू दाबलं.

तेवढ्यात चिमी शाळेतून धावत आली. "बाबा, सगळे म्हणतात, तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही!"

पालथ्या माणसाची छाती फुगू शकते तेवढी पैलवानाची फुगली. "काय गं? बेडूकउडी?"

"छे! ती तर सगळ्यांना येते. ते डोळ्यांतून खरंखुरं पाणी काढायचं! आम्ही आज कित्ती वेळ करून बघितलं, येतच नाही. सोमवारी येऊन शिकव ना!"