मंचेरियलचे नऊ भाचे

जो दुसऱ्याचं आरोग्य सांभाळतो, त्याने आधी स्वतःचं सांभाळावं, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. ते सांभाळायचं कुठे बसून, एवढाच तपशील ठरायचा राहिला आहे.

तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रांना फिरत्या नर्स पुरवणारी एक संस्था आहे. जिथली नर्स बाळंतपणाला गेली, जिथली बदली होऊन गेली किंवा जिथली नुसतीच गेली, तिथे ही संस्था तीन महिन्यांसाठी दुसरी पाठवते. संस्था मायाळू आहे. प्रत्येक नर्सला ती नेमणुकीच्या कागदाबरोबर एक पुस्तिका देते : ‘स्वस्थ, सुरक्षित, आनंदी’. सूचना एकवीस. मी त्या दोनदा वाचल्या. रोज आठ तास झोपावं. मनातलं सहकाऱ्याशी बोलावं (उपकेंद्रात नर्सची जागा एकच असते, त्यामुळे मतभेद होत नाहीत). नव्या खोलीत घरच्यांचे, श्रद्धास्थानांचे फोटो लावावेत, म्हणजे परकं वाटत नाही. स्थानिकांशी मोकळेपणाने ओळख वाढवावी.

एकविसावी सूचना ठळक अक्षरांत होती. हजर झाल्यापासून पंधरा दिवसांत गावात खोली घ्यावी आणि घरमालकाचं संमतीपत्र पाठवावं; न पाठवल्यास करार संपेल. नर्सच्याच सुरक्षिततेसाठी.

गेल्या पावसाळ्यानंतर भीमपूरकडच्या आमच्या गावात प्रगती नावाची सिस्टर आली. (गावाचं नाव देत नाही, दिलं तर शेजारची गावं नाराज होतील, की आमचं का नाही दिलं.) वय सव्वीस, मूळची इकडच्याच मुधोळची, मराठी आपल्यासारखी, तेलुगू आपल्यापेक्षा बरी. पहिल्या दिवशी तिने चौऱ्याहत्तर पेशंट पाहिले आणि दुपारनंतर खोली शोधायला निघाली. चौदा दिवस हातात होते.

इथे आमच्या गावाच्या स्वभावाबद्दल दोन चांगले शब्द लिहिणं भाग आहे. आम्ही सुशिक्षित माणसं. प्रगतीने अकरा घरांची दारं वाजवली, अकराही ठिकाणी तिला बसायला खुर्ची मिळाली, दहा ठिकाणी चहा मिळाला. (चार ठिकाणी कागदाच्या कपात, स्वच्छतेच्या दृष्टीने ते चांगलंच.) आणि जात कोणीही विचारली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. जात विचारणं वाईट असतं. आम्ही फक्त आडनाव विचारतो.

प्रगतीला मात्र एक खोड होती. “पूर्ण नाव काय, बेटा?” असं विचारलं की ती म्हणायची, “प्रगती.” पुढे थांबायची. मग माणसाला नाइलाजाने फेरा घ्यावा लागतो. मुधोळमध्ये कोणत्या गल्लीत? वडील काय करतात? (दौलत गुरुजी, शिक्षक. शिक्षक कोणीही असू शकतो, यातून काही कळत नाही.) लग्नं कोणत्या पद्धतीने होतात तुमच्यात? कुलदैवत कुठलं? एका घरी तर पुस्तिकेतलाच प्रश्न आला : खोलीत फोटो कोणकोणाचे लावणार? प्रगती म्हणाली, आईचा. आईचा फोटो कोणाचाही असतो. पुन्हा तेच.

तेलुगूत आडनावाला ‘इंटिपेरू’ म्हणतात, म्हणजे घराचं नाव. कचेरीतले लोक त्याचं एकच अक्षर नावाआधी लिहितात. प्रगतीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही तसं एक अक्षर होतं. त्या अक्षरावरून आमच्या गल्लीतल्या दोन बायकांनी एक अख्खी दुपार घालवली. सतरा आडनावं निघाली. नऊ चालण्यासारखी, आठ न चालण्यासारखी. निकाल लागला नाही. संशयाचा फायदा मात्र खोलीला मिळाला.

माझ्या वहीतली गोषवाऱ्याची नोंद अशी आहे. घरं अकरा. रिकाम्या खोल्या अकरा. खोली रिकामी नसल्याचं सरासरी चौथ्या प्रश्नानंतर ध्यानात आलं. कारण : भाचा येणार आहे. नऊ भाचे मंचेरियलहून, एक नागपूरहून. अकराव्या घराला भाचा नव्हता, त्यांनी जावई सांगितला. एकाच आठवड्यात नऊ भाचे निघणार म्हटल्यावर मंचेरियलच्या स्टेशनवर केवढी गर्दी झाली असेल, या काळजीने मी दोन दिवस पेपर बारकाईने वाचला. काही छापून आलं नव्हतं.

(सातवं घर माझं. भाचा मलाही आहे.)

आता सखूबाई. ही उपकेंद्रातली आया. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिने पाचव्याच दिवशी सांगितलं की माझ्या घरी चला, पोरगी शिकायला बाहेर आहे, तिची जागा मोकळी आहे. तिचं संमतीपत्र, अंगठ्यासह, रीतसर गेलं. संस्थेने ते तत्परतेने नामंजूर केलं : खोलीला स्वतंत्र दरवाजा नाही, आतून कडी नाही, सबब परिचारिकेच्या सुरक्षिततेस बाधा. सुरक्षिततेच्या बाबतीत संस्था कुणाचं ऐकत नाही.

मग प्रगती उपकेंद्रातच, बाळंतपणाच्या टेबलावर झोपू लागली. टेबल साडेपाच फुटी आहे, पायाकडे अर्धंच. सखूबाईने घरून गोधडी आणली आणि म्हणाली, “निजा इथंच, बाई. इथं पोराले बी नाळ कापेपर्यंत कोणी आडनाव इचारत नाही.”

आठ तास झोपेची सूचना प्रगतीने शक्य तितकी पाळली. अकराव्या दिवशी मात्र खऱ्या बाळंतिणीला टेबल लागलं. त्या दिवशी ती बाकावर बसून होती. मुलगी झाली, तीन किलो. मुलीला जागा लगेच मिळाली.

बाराव्या दिवशी सकाळी विनोदिनीताई उपकेंद्राकडे पळत आल्या. पायात चप्पल नव्हती. अकरा घरांपैकी त्यांचं घर चौथं; यजमान शरदचंद्र, बँकेतून निवृत्त, वरच्या मजल्यावर पूर्वेची खोली, स्वतंत्र दरवाजा, आतून कडी, संडास लागून. शरदचंद्रांचा चतुर्थीचा उपवास होता. उपवासात अन्न सोडायचं असतं, मग मधुमेहाची गोळीही सोडायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. घामाने भिजून ते सोफ्यावर कलले होते आणि पत्नीला ‘मॅडम’ म्हणत होते.

प्रगतीने बोटाला सुई टोचली. साखर बेचाळीस. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, देवघरावरून गेली, फडताळ उघडलं, साखरेचा डबा काढला, घरातल्याच स्टीलच्या पेल्यात घरातलंच पाणी घेतलं आणि शरदचंद्र गिळू शकतात हे पाहून चमच्याचमच्याने पाजलं. या सगळ्यात तिला कोणी काहीही विचारल्याची नोंद नाही. चौकशीला लागलेला वेळ शून्य मिनिटं. अकरा घरांतला हा विक्रम.

वीस मिनिटांनी शरदचंद्र उठून बसले. मी तोवर तिथे पोहोचलो होतो. अशा वेळी शेजाऱ्याने जायचं असतं. विनोदिनीताई रडत होत्या आणि प्रगतीचा हात सोडत नव्हत्या. लेकीसारखी आलीस, म्हणाल्या. त्याच भरात त्यांनी मंचेरियलला भाच्याला फोन लावला, भार्गवला. घाईत बोट भलत्याच बटणावर पडलं, त्यामुळे फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लागला. मामाची प्रकृती ऐकून झाल्यावर ताई म्हणाल्या, तू येणारच आहेस ना रे राहायला, जरा लवकर ये.

“राहाले? मी काऊन येऊ, मामी?” भार्गव म्हणाला. “मले इथं क्वार्टर भेटून तीन वर्षं झाली.”

ताईंनी फोन ठेवला. मी छताकडे पाहिलं. वर खोली होती.

प्रगतीने बॅगेतून संस्थेचा संमतीपत्राचा फॉर्म काढून टीपॉयवर ठेवला. फॉर्मवर घरमालकाच्या सहीची जागा होती, बाकी सगळं तिने आधीच भरलं होतं. शरदचंद्रांनी चष्मा लावला, फॉर्म पाहिला, उलटा करून पाहिला आणि बाजूला सरकवला. त्याचं काय ते पुढे बघू, म्हणाले. आधी तुझ्या वरिष्ठांना मी एक प्रशस्तिपत्र लिहितो, चांगल्या कामाची दखल घेतलीच पाहिजे. बँकेतला माणूस. लेटरहेड काढलं, पेन उघडलं, ‘कुमारी प्रगती’ इथपर्यंत लिहिलं आणि मान वर केली.

“पुढे काय लिहू, बेटा? पत्रात पूर्ण नाव लागतं.”

“भाच्याचं लिहा, सर,” प्रगती म्हणाली. “खोली त्याच्या नावावर हाय, तारीफबी त्याच्याच नावावर जाऊ द्या.”

मग तिने पेला स्वतः घासून पालथा घातला, संध्याकाळची गोळी अर्धी घ्या म्हणून सांगितलं आणि गेली. तिचं बोलणं जरा तिखट होतं, यावर आम्हा तिघांचं एकमत झालं. पेला नंतर विनोदिनीताईंनी पुन्हा एकदा घासला. सवयीने, म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी करार संपला. संस्थेचा अहवाल मी वाचला आहे. आजारपण शून्य. अपघात शून्य. आनंद दहापैकी नऊ. एक गुण निवासाचा तपशील कोरा राहिल्यामुळे कापला. प्रगती मंगळवारच्या बसने गेली. सखूबाई गोधडी परत घेऊन गेली.

तेव्हापासून उपकेंद्राला कुलूप आहे. साखर तपासायला शरदचंद्र दर पंधरवड्याला आदिलाबादला जातात, भाड्याच्या गाडीने. गावाने तातडीने नर्स मिळावी म्हणून दरखास्त केली आहे, एकशे बारा सह्यांची. मसुदा माझा आहे. शेवटी एक नम्र ओळ टाकली आहे : येणाऱ्या सिस्टरचं पूर्ण नाव आगाऊ कळवावं, म्हणजे त्यांच्या सोयीची खोली बघता येईल.

तुम्हाला हे सगळं वाचून आमच्या गावाची शरम वाटली असेल. वाटायलाच हवी. फक्त एक सांगा. मुधोळ म्हटल्यावर तुम्ही क्षणभर थांबलात. दौलत गुरुजी आले तेव्हा ओळ दुसऱ्यांदा वाचलीत. ओळखपत्रावरचं अक्षर मी दिलं नाही म्हणून थोडे खट्टू झालात. आत्ताही तुमच्या मनात दोन-तीन आडनावं आहेत. नुसती उत्सुकता, मला ठाऊक आहे. आमचीही तेवढीच होती.

तुमच्याकडे खोली रिकामी असेल तर कळवा. प्रगतीला पत्ता देतो. भाच्याला मात्र आधी फोन करून ठेवा. आमच्याकडे तेवढंच राहिलं होतं.