जिंतूरकर सरांचा चहा

जिंतूरकर सर कुणाकडेही चहा पीत नसत. चहा आवडत नव्हता असं नाही. पिशवीत थर्मास असायचा, आणि स्टाफरूमच्या खिडकीकडे तोंड करून ते एकटेच प्यायचे. पण दुसऱ्याकडचा घोटसुद्धा नाही. प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नातही आहेर देऊन कोरडेच परतले.

"जिथं तपासायचं तिथं प्यायचं नाही," असं ते म्हणत. "चहा पोटात गेला की डोळे मऊ होतात."

नव्वदच्या दशकात सुरतच्या एका कॉमर्स कॉलेजात ते आम्हाला ऑडिट शिकवायचे. मूळचे परभणीकडचे. शिकवत गुजरातीत, पण चिडले की मराठीत येत. कॉलेज सकाळी सातचं, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत मी पांडेसरा भागातल्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात मालाची चलनं लिहायचो. त्यामुळे ऑडिटची मूलतत्त्वं माझ्या कानांत जांभयांमधूनच शिरली. व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद खरी मानायची नाही, माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय साठा खरा मानायचा नाही, आणि ज्याला तपासायचं त्याचं मिंधं व्हायचं नाही, एवढं कळलं. इतर प्राध्यापक हे पुस्तकातून सांगून मोकळे होतात. सर तसेच जगायचे, हाच सगळा वैताग होता.

हजेरीला नुसतं 'यस सर' चालत नसे. बाकांमधून फिरून, प्रत्येकाचं तोंड पाहून ते हिरव्या पेन्सिलीने टिक करायचे. "जोयुं छे?" म्हणजे 'पाहिलंय का?', हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकदा शिपाई धापा टाकत आला, मागच्या शेडला आग लागलीय म्हणाला. सरांनी विचारलं, "जोयुं छे?" त्याने फक्त ऐकलं होतं. सर स्वतः जाऊन आग पाहून आले, मगच आम्हाला बाहेर सोडलं.

कोसाडच्या एका पोराने आजी वारली म्हणून रजा घेतली. सर संध्याकाळी मोपेड दामटत सांत्वनाला गेले, तर दार आजीनेच उघडलं. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला, तिचाही चहा नाकारला आणि परतले. दुसऱ्या दिवशी वर्गात एवढंच म्हणाले, "आजी हयात. पडताळणी झाली."

शेवटच्या वर्षी मी पार दमलो. सकाळी उठवेना. कॉलेज सोडायचं ठरवलं आणि जाणंच बंद केलं. त्या रविवारी सर आमच्या दारात हजर. बूट न काढता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "आजारी दिसत नाहीस. दमलायस. दमलेल्याला रजा मिळत नाही."

आम्ही धुळ्याकडचे. दारी आलेला माणूस चहा न घेता गेला तर आईला दिवसभर चैन पडत नाही. ती कप घेऊन आली. "मास्तर, चहा पिईसन जा."

"नको, आई. तुमचा मुलगा माझ्या तपासणीत आहे."

ते गेल्यावर आई किती तरी वेळ तो कप हातात धरून होती. "हाऊ कसा मानूस शे? याना घरमा कोनी नही का?"

खरंच कोणी नव्हतं. बायको गेल्यावरच ते सुरतला आले होते.

सोमवारपासून मी मुकाट्याने कॉलेजात जाऊ लागलो. वाटलं, आता ही पीडा टळली. पण सर पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही. आठवडाभर मी त्यांच्या नाकासमोर बसलेला असायचो, तरी पडताळणी चालूच. उंबऱ्याबाहेर उभ्यानेच आईशी परभणीच्या उन्हाबद्दल बोलायचे, आणि आतून चहातल्या आल्याचा वास आला की घाईने निघायचे. आईनेही हट्ट सोडला नाही. दर रविवारी त्यांच्या नावाचं आधण ठेवायची, आणि तो गार चहा माझ्या गळ्यात पडायचा.

निकाल लागला. मी पास झालो. आता सर कशाला येतील, असं त्या रविवारी आई दोनदा म्हणाली. तरी आधण तिने ठेवलंच.

सर आले. खिशाला हिरवी पेन्सिल नव्हती. उंबऱ्याशी वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो त्यांनी दुसऱ्या पायाखाली लपवला.

"आता हा माझ्याकडे नाही," ते आईला म्हणाले. "आई, चहा आहे का?"

आईने कप भरून दिला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एक घोट घेतला. मग बाहीने डोळे पुसले. मला त्या माणसाचा फार कळवळा आला.

चहा पोटात गेला की डोळे मऊ होतात, असं ते म्हणायचे. ते मी नुसतं ऐकलं होतं. त्या रविवारी पाहिलं.