सहीपुरतं गडहिंग्लज

मगदूमअण्णांच्या घरून वाटीभर साखर उसनी आणायची तर आधी सही करावी लागते. दाराआड सुतळीनं बांधलेली एक वही टांगलेली आहे. वस्तू, तारीख, सही. मी स्वतः वकील, पण त्या वहीत माझ्या नावावर अजून एक तांब्या बाकी आहे. "बाई, बादली आली, पर तांब्या कुठं हाय?" हे अण्णा जिन्यात, चार माणसांसमोर विचारतात. वर सुनावतात, "तोंडाचं वारं, कागदाचं खरं!"

राजारामपुरीत खाली माझं ऑफिस आणि वर अण्णा एकटे. बायको गेली, मुलगा पुण्याला. स्टीलच्या भांड्यांचं दुकान विकलं, दुकानातल्या सवयी मात्र वर घेऊन आले.

त्यांचा एक वसुलीचा दावा माझ्याकडे होता. दावा कसला, दाव्याची तयारी होती, आणि ती बारा वर्षं चालली होती. गडहिंग्लजचे गादीवाले दस्तगीर नदाफ हे अण्णांचे शाळेतले मित्र. कापूस पिंजायच्या मशीनसाठी अण्णांनी त्यांना साठ हजार हातउसने दिले होते. अर्थात सही घेऊन. अशा पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्या मुदतीत देणेकऱ्यानं 'देणं आहे' असं लिहून सही दिली, तर पुढं आणखी तीन वर्षं मिळतात.

त्यामुळं दर तिसऱ्या वर्षी, मुदतीला महिना उरला की अण्णा फाइल काखेत मारून खाली यायचे. "बाई, लई झालं. आता दावा लावायचा."

मग माझे हाल सुरू. मूळ चिठ्ठी, पासबुकाची पानं, दस्तगीरची पत्रं, सगळ्याचे तीन तीन संच, पानापानावर नंबर. एकदा त्यात एसटीची तिकिटं निघाली.

"तिकिटं कशाला, अण्णा?"

"मी मागाय गेलतो ह्याचा पुरावा नको व्हय?"

दस्तगीरच्या लेकीच्या लग्नाची पत्रिकाही लावलेली होती. ती का, तर "ऐपत हाय ह्याचा पुरावा." त्या लग्नात अण्णा दोन दिवस राहून पंगती वाढून आले होते, हे मला नंतर कळलं.

सगळं तयार झालं, मुदतीला आठवडा राहिला, की अण्णा म्हणायचे, "एकदा शेवटचं समजावून बघतो." इस्त्रीचा शर्ट घालून गडहिंग्लजची एसटी धरायचे. दुसऱ्या दिवशी परत यायचे ते सही घेऊन, आणि बगलेत एक नवीकोरी उशी.

"हे काय?"

"व्याज."

"जेवायचं काय केलंत?" मी विचारायची, कारण अण्णा जैन, सूर्य बुडाल्यावर घास घेत नाहीत.

"दिवस असताना वाढतो की त्यो. कांदा न्हाय, लसूण न्हाय. माझ्यापुरतं ताट बी वेगळं ठेवलंय. माझ्याच दुकानातलं हाय."

आणि माझी महिन्याची मेहनत कपाटात जायची. अशा तीन उश्या जमल्या.

चौथ्या खेपेला मी वैतागले. एकदाचं संपवून टाकावं म्हणून म्हटलं, "अण्णा, आधी नोटीस पाठवावी लागते." खरं तर अशा उसनवारीला तशी सक्ती नाही. पण कायद्याचं नाव काढलं की अण्णा मान खाली घालतात. "कायदा हाय तर पाठवा की." मी माझ्या नेहमीच्या भाषेत लिहिलं: पंधरा दिवसांत रक्कम भरा, अन्यथा खर्चासह वसूल करू.

नोटीस मिळाल्याचं पोस्टाचं कार्ड दस्तगीरच्या सहीनं परत आलं. अण्णा खूश. "आली सही! तीन वर्सं मिळाली!"

"ही सही पोस्टमनला दिलेली आहे. ही चालत नाही."

"म्हंजे जायाला लागणारच," असं म्हणून अण्णा हसतच शर्ट इस्त्रीला द्यायला गेले.

ते जायच्या आधीच पैसे आले. साठ हजार, एकरकमी, बँकेत. पाठोपाठ माझ्या नावानं पत्र. मी ते अण्णांना वाचून दाखवलं.

"वकीलबाईंना सलाम. मशीन विकून पैसे भरले आहेत. मी दोनदा हप्त्यानं द्यायला काढले होते. अण्णा म्हणाले, राहू दे, तू सही कर. त्यांच्या नावानं असला कागद माझ्या घरी येईल असं वाटलं नव्हतं."

वसुलीचे कितीतरी दावे मी जिंकले आहेत. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही. अण्णांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"पैसे मिळाल्याची पोच द्याय पायजे न्हवं, बाई? समक्षच द्यावी लागती न्हवं?"

बँकेतली नोंद पुरते, पोच लागत नाही. मी म्हटलं, "समक्षच." आणि टाइप करून दिली.

सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलेले अण्णा संध्याकाळच्या आत परत आले. बगलेत उशी नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. स्टीलचं ताट होतं.

"दुकान बंद केलंय. लेकीकडं ऱ्हायला गेलाय. अण्णा आले तर त्यांचं ताट त्यांना द्या, म्हणून शेजारणीला सांगून गेलाय." वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "तिनं सही बी मागितली न्हाय."

"लेकीचा पत्ता पत्रिकेवर आहे, अण्णा. फाइलमध्येच आहे."

"पत्ता मला पाठ हाय. पर बोलवल्याबिगर लेकीच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं?"

पोच माझ्या हातात देऊन ते वर गेले. दिवस अजून होता, पण जेवायला बसल्याची चाहूल लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेला तांब्या परत करायला वर गेले. सही करायला वही उघडली, तर शेवटच्या ओळीत अण्णांचंच अक्षर होतं. 'स्टीलचं ताट, नग एक. दस्तगीरचं. परत द्यायचं हाय.' आणि पुढं अण्णांची सही.