चारशेंच्या जागी एक आजी

सकाळी बायकोने चहा केला तो एकटीपुरताच. भाकीतराव समोरच्याच खुर्चीत बसले होते, नेहमीसारखे वर्तमानपत्र उघडून. तिने कप घेतला, खिडकीपाशी गेली आणि गुणगुणायला लागली. ती गुणगुणते हे त्यांना लग्नानंतर आज पहिल्यांदा कळलं.

"अगं, माझा चहा?"

ती एवढी दचकली की चहा बशीत सांडला. "अगंबाई! तुम्ही घरात आहात होय?"

"मग कुठे असणार?"

"मला वाटलं गेलात," ती त्यांच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत म्हणाली आणि पुन्हा गुणगुणायला लागली.

भाकीतरावांनी ते मनावर घेतलं नाही. निवडणुकीचे अंदाज बांधणाऱ्या माणसाने एकाच्या मताला किंमत द्यायची नसते. त्यांचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण कोण येणार आणि कोण पडणार हे ते इतकं बिनचूक सांगत, की बायकोसकट सगळे त्यांना भाकीतरावच म्हणत. त्यांच्या सल्ल्यावरून उमेदवार सदऱ्याचा रंग बदलत, भाषण बदलत. एकाने तर हसणं बदललं होतं, ते त्याच्या बायकोला अजून सवयीचं झालेलं नव्हतं. आज संध्याकाळी ते टीव्हीवर शेवटचा अंदाज सांगणार होते. आकडे कालच पक्के झाले होते: त्यांचाच उमेदवार, थोडक्यात पुढे. हा अंदाज खरा ठरला की खुद्द मोठ्या नेत्याच्या प्रचाराची सूत्रं त्यांच्या हाती यायची होती.

कचेरीचं काचेचं दार माणूस समोर आला की आपोआप उघडत असे. आज उघडलं नाही. भाकीतराव मागे गेले, पुढे आले, हात हलवले, शेवटी इकडेतिकडे बघून एक उडी मारली. दार ढिम्म. पाण्याची पिंपं आणणारा माणूस आला तेव्हा ते मुकाट्याने सरकलं, आणि भाकीतराव त्याच्या मागून मांजरासारखे आत शिरले.

आत फोनवाल्या ताई बसल्या होत्या. लोकांना फोन करून मतं विचारायचं काम त्यांच्या हाताखाली चाले.

"ताई! अहो ताई!"

ताईंनी मान वर केली आणि खोलीभर नजर फिरवली. "सर? आवाज येतोय तुमचा. कुठे आहात?"

"तुमच्या पुढ्यात!"

"हां, दिसलात. जरा उजेडाकडे सरका ना." ताई डोळे चोळत म्हणाल्या. "बरं झालं आलात. एक आजी सकाळपासून सारख्या फोन करतायत. म्हणतात, 'अजून किती पाठवणार आहात?'"

"काय पाठवणार?"

"माणसं, म्हणे. आणि थांबला नाहीत तर टीव्हीवाल्यांना सांगते म्हणाल्या. मी काढलं शोधून, कोण ते. आपल्याला ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या बायकांची मतं हवी होती ना? त्या फोनच उचलत नाहीत. उचलला तो एकीने. ह्याच आजी."

"मग?"

"मग काय! त्यांना चारशेंच्या जागी धरलं. तुम्हीच म्हणालात."

शितावरून भाताची परीक्षा हाच या धंद्याचा पाया. ज्या तऱ्हेची माणसं कमी सापडतात, त्यांच्यातल्या एकाला अनेकांच्या जागी धरायचं, आणि जी जास्त सापडतात, त्यांच्यातल्या अनेकांना मिळून एक. सगळेच करतात. फक्त इथे शीत एकच हाती लागलं होतं, आणि त्याच्यावर चारशेंची पंगत उठवली होती.

"आणि जास्त कोण सापडले?" भाकीतरावांनी सहज विचारलं.

"पन्नाशीचे, शिकलेले पुरुष. विचारायच्या आधी मत सांगतात, फोन ठेवू देत नाहीत. तसले दहाजण मिळून एक धरलाय." ताईंनी पुन्हा डोळे चोळले. "म्हणजे तुमच्यासारखे, सर."

भाकीतरावांनी आपले हात उजेडाकडे धरून बघितले. संध्याकाळच्या आत आजीचं तोंड बंद करायला हवं, एवढंच म्हणून ते निघाले. एकही टॅक्सी थांबली नाही. शेवटी चालतच गेले.

आजीच्या गल्लीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. चपला मात्र होत्या. तळमजल्यावरच्या दारापासून सुरू होऊन अंगणभर आणि तिथून पार रस्त्यापर्यंत. सगळ्या बायकी, सगळ्या एकाच मापाच्या, आणि प्रत्येक जोडातली डावी चप्पल अंगठ्यापाशी झिजलेली. आतून कसलाच आवाज येत नव्हता.

दार उघडंच होतं. खोली एवढीशी, पण पलंगावर, पलंगाखाली, ओट्यावर, कपाटावर, टेकता येईल तिथे म्हाताऱ्या बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, एकाच तोंडवळ्याच्या. चारशेजणी तिथे मावणं शक्यच नव्हतं. मावल्या होत्या.

"तुम्हीच का ते?" खुर्चीतली म्हणाली. बोलली म्हणून ती खरी, हे कळलं. "फार पुसट दिसता हो. माझा चष्मा खराब झालाय की तुम्हीच असे आहात?"

"आजी, ह्या... ह्या कधी आल्या?"

"काल संध्याकाळपासून येतायत. आधी वाटलं, बरी सोबत झाली. पण बाबा, ह्या बोलतात कशा बघा." आजी मोठ्याने म्हणाल्या, "आज उकडतंय!"

"आज उकडतंय," चारशे तोंडं हळूच म्हणाली.

भाकीतराव दारापर्यंत मागे सरकले. तरी धंदा सुटत नाही. "आजी, फोनवर तुम्ही आमच्या उमेदवाराला मत देणार म्हणालात. ते पक्कं ना?"

"छे! त्याचा आवाज गोड वाटला म्हणून म्हटलं. काल त्याला घसा खाकरताना ऐकलं रेडिओवर. आता मी दुसऱ्याला देणार."

"दुसऱ्याला देणार," खोली म्हणाली. कपाटावरची एक जरा उशिरा म्हणाली.

एका घसा खाकरण्यावर चारशे मतं फिरली होती. आता टीव्हीवर काय सांगायचं? जुनेच आकडे रेटावेत, असं मनात आलं. कोणाला कळणार आहे? त्याआधी धीर यावा म्हणून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, मी बोलतोय."

"कोण? सर्व्हेवाले का?" बायको म्हणाली. आवाज मोकळा होता. "विचारा ना. घरात माणसं किती? नाही हो, मी एकटीच असते."

तिने फोन ठेवला. भाकीतराव खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांना रडू आलं. कधी नव्हे ते खरोखरचं.

आजी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "एवढ्या गर्दीतही मी एकटीच आहे बघा," त्या म्हणाल्या. "सगळ्या माझंच म्हणणं म्हणतात. एकीने तरी 'नाही' म्हणायचं!"

भाकीतरावांनी ताईंना फोन केला आणि ओरडून ओरडून सांगितलं, "प्रत्येकाला एकच धरा! एक म्हणजे एक! आजींनाही एक आणि... आणि माझ्यासारख्यांनाही!"

"सर, मग आपला उमेदवार येतोय की पडतोय?"

"कळत नाही!"

"असं टीव्हीवर सांगणार?"

"हो!"

म्हाताऱ्या उठल्या. एकेक करून बाहेर गेल्या, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशा झाल्या. कपाटावरची सगळ्यात शेवटी गेली.

"कुठे गेल्या?"

"आल्या तिकडे," आजी म्हणाल्या. "आता नीट दिसता हं तुम्ही. मला वाटलं होतं, जरा देखणे असाल."

टीव्हीवरच्या बाईने विचारलं, "मग अंदाज काय?" भाकीतराव म्हणाले, "सांगता येत नाही." "साधारण तरी?" "साधारणही नाही." खुर्चीतून उठतात तोच उमेदवाराचा फोन आला. मोठ्या नेत्याचं काम गेलं, ह्याचंही काम गेलं, आणि वर शिव्या. त्या शिव्या त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्या. कोणीतरी आपल्याशी बोलतंय, याचंच त्यांना बरं वाटत होतं. स्टुडिओचं काचेचं दार तर ते पोचायच्या आधीच उघडलं.

घराच्या जिन्यात ते थबकले. पहिल्या पायरीपासून चपलांची रांग लागली होती. प्रत्येक डावी अंगठ्यापाशी झिजलेली.

आत हॉलमध्ये, जिथे टेकता येईल तिथे, त्या बसल्या होत्या. बायको मोठं पातेलं शोधत होती.

"अहो, आलात? ह्या तुमच्याकडेच आल्यात वाटतं. बोलत काहीच नाहीत. चहा टाकते. किती कप धरू?"

"साधारण..." भाकीतरावांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी जीभ चावली. मग पहिलीपासून सुरुवात करून, प्रत्येकीच्या तोंडाकडे नीट बघत, ते एकेक मोजायला लागले. मघाची ती कपाटावरची त्यांच्याकडे बघून नाही म्हणाल्यासारखी मान हलवत होती. तिला चहा नको असावा.

"तुम्हाला धरून सांगा हं," बायको आतून म्हणाली, आणि मग जरा थांबून, "की सोडून?"

भाकीतराव आधी दाराशी गेले आणि त्या रांगेत आपले बूट आहेत का, ते बघून आले.

"धरून," ते म्हणाले.