फाट्यावरचा बॅनर

"बॅनरचं माह्यावर सोडा! सेनगावपासून हिंगोलीपर्यंत असा बॅनर कोनं पाह्यला नसन!"

रतनसिंगने छाती ठोकून सांगितलं आणि साखऱ्याजवळच्या त्या तांड्याने ते खरंही मानलं. त्याची पुतणी शिला फौजेत अधिकारी व्हायला ट्रेनिंगला निघाली होती. रविवारी सकाळी फाट्यावरून तिची एसटी. त्याआधी पोरीचा थाटात सत्कार झाला नाही, तर काका म्हणून तोंड कुठे दाखवायचं?

बेत झकास होता. मधोमध शिलाचा भलामोठा फोटो, खाली शुभेच्छुक पाच.

पण पाचावर थांबणार कसं? शिलाचे पळायचे कपडे हौसेने शिवून देणारे टेलर खाजा मिया नकोत? पोरीला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून तिच्या घरच्या म्हशीही चारणारी म्हातारी जिवनबाई नको?

"माह्या तोंडात दात न्हाईत. फोटो चालन का रं?"

"चालन म्हंजे! तुह्याबिगर पोरगी शिकली असती का?"

शिलाला पळता यावं म्हणून कोंडीबाने शेताच्या कडेची वाट साफ करून दिली होती. तोही आला. उपकारच इतक्यांचे, वगळायचं कोणाला? फोटो जात राहिले आणि सेनगावचा बॅनरवाला विकास फोनवर कुरकुरत राहिला.

"काका, जागा न्हाई!"

"मधला फोटो बारीक कर की!"

त्याने केला. पुन्हा केला. पुन्हा केला!

शनिवारी मोबाइलवर नमुना आला. रतनसिंगने चष्मा लावून शुभेच्छुकांची यादी ताडून पाहिली. चौऱ्याहत्तर! एकही सुटला नव्हता.

"छाप!"

रविवारी फाट्यावर बॅनर बांधला. वर ठळक अक्षरं: 'लष्करी अधिकारी प्रशिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली चौऱ्याहत्तर चेहरे. शिला कुठेच नाही! फोटो गेला, त्याखालचं नावही गेलं आणि जागेपायी 'शुभेच्छुक' हा शब्दही गेला!

रतनसिंगला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरने उतरून बॅनर वाचला, चेहरे मोजले आणि त्यातल्या जिवनबाईच्या बोळक्या तोंडावर त्याची नजर अडकली.

"एका तांड्यातून चौऱ्याहत्तर अधिकारी?"

असं म्हणून त्याने समोरच्या खाजा मियांना खाडकन सलाम ठोकला! मियांनीही गळ्यातला टेप सावरत तो परत केला.

रतनसिंग दोऱ्या सोडायला धावला. "फाडतो हे! पोरी, समद्यांना घेतलं अन् तुलाच इसरलो!"

शिलाने त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या काका, बराबर छापलंय. मी एकटी कुठं निवडून आले? एवढे जण होते म्हणून झालं."

ती एकेकाच्या पाया पडली, शेवटी काकाच्या. पोरीने त्याची लाज राखली होती, आणि तांड्याचे उपकार त्याच्यापेक्षा चांगले फेडले होते.

एसटी गेली. सगळे डोळे पुसत उभे राहिले. जिवनबाई मात्र बॅनरकडे पाहत काळजीत पडली होती.

"रतन्या, कंडक्टर बी म्हन्ला म्हंजे खरंच असन. पन मी फौजेत गेल्यावर म्हशी कोन चारन रं?"