रडण्यामागची बासरी

मालिकेतली माणसं बोलायला लागली की भागीकाकू आमच्याशी बोलायला लागायच्या, आणि ती गप्प झाली की आम्हाला गप्प करायच्या. टीव्ही बघण्याची ही उलटी रीत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

दोन हजार सालच्या आसपास मी वैशाखरे गावच्या शाळेत शिक्षक होतो. आमच्या खोलीत टीव्ही होता, आणि शेजारच्या भागीकाकू रोज संध्याकाळी मालिकेच्या वेळेला उंबऱ्याशी येऊन बसायच्या. साठीच्या, घरात एकट्या. सासू सुनेवर चोरीचा आळ घेतेय, आम्ही श्वास रोखून बघतोय, आणि काकू विचारणार, "बाय, वालाला मोड आले का गो?" माझी बायको सुलभा हातानंच थांबा म्हणायची. काकूंना फरक पडायचा नाही. वरईवर औंदा पाखरं फार, मुरबाडच्या बाजारात सुकट महागली, सगळं सांगून व्हायचं. मग ती सून खिडकीशी जाऊन रडायला लागे, मागं बासरी सुरू होई, आणि काकू एक बोट वर करत. "आता नाय बोलायचं." एकदा मला नेमका तेव्हाच ठसका लागला, तर त्यांनी मला माझ्याच घरातून अंगणात पाठवलं.

त्या सुनेचं बरं झालेलं मात्र त्यांना खपत नसे. आल्या आल्या पहिला प्रश्न, "आज रडंल ना ही?" सासूनं तिला घराबाहेर काढलं त्या आठवड्यात काकू एवढ्या खुशीत, की आमच्यासाठी शेवग्याच्या शेंगांचा भारा घेऊन आल्या. पुढं सुनेचा हरवलेला नवरा परतला. पंधरा दिवस नुसतं हसणं-खिदळणं. काकू दिवसेंदिवस मलूल. शेवटी सुलभाला राहवलं नाही. ती म्हणाली, "काकू, त्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलंय? चार दिवस सुखाचे बघू दे की तिला."

काकू पदराचं टोक पिळत बसल्या.

"बघू दे गो. पन ती रडली म्हंजेच माझा सदा वाजवतो."

सदा त्यांचा एकुलता एक मुलगा. आम्ही गावात येण्याच्या आदल्या वर्षी तो मुंबईत काविळीनं गेला, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तो बासरी वाजवायचा हे कुणी बोललं नव्हतं. गावच्या भजनात वाजवता वाजवता कुणाच्या तरी ओळखीनं तो स्टुडिओत पोचला होता. मालिका सुरू झाली त्या आठवड्यात घरी आला, आईला एका ओळखीच्या घरी टीव्हीपुढं बसवलं आणि सांगितलं, ही मी वाजवलीय. एकदाच वाजवून घेतात, मग बाई रडली की दर वेळी तीच लावतात. वाजवणाऱ्यांची नावं पडद्यावर येत नसत. आली असती तरी काकूंना वाचता येत नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात सुलभाही विचारू लागली, आज रडेल ना?

काही महिन्यांनी मालिका संपणार असल्याचं टीव्हीवर सांगायला लागले. मी शाळेतला टेपरेकॉर्डर घरी आणला. शेवटच्या आठवड्यात सून पोटभर रडली, आणि मी टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून धरून बसलो. बासरी मिळाली, पण तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या बाईचे हुंदके. काकूंना कॅसेट ऐकवताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, शहापूरला एक ओळखीचा दुकानदार आहे, हुंदके काढून टाकता येतात का विचारून बघतो.

काकूंनी टेपरेकॉर्डरवर दोन्ही हात ठेवले.

"नका काढू, गुरुजी," त्या म्हणाल्या. "सदा गेला तवा मला रडूच आलं नाय. लोकं नावं ठेवीत होती. ती रडते, ते असू दे."

मी कॅसेट मागं फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.