वरच्या गल्लीचं नाव

आनाक्लेतूच्या धाकट्या लेकीला जुळं झालं त्या साली, म्हणजे १९९४ साली, रेसिफे शहरातल्या आमच्या टेकडीवर गल्ल्यांना नावं द्यायचं काम निघालं. नगरसेविका दोना व्हाल्देलिसीने ते अंगावर घेतलं होतं. तोवर पोस्टमन सगळी पत्रं खालच्या चर्चपाशी टाकून जायचा, आणि ज्याच्या हाती जे पत्र लागेल ते तो वाचायचा.

पहिली पाटी खालच्या गल्लीला लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं : जुव्हेनाल गल्ली. त्या गल्लीत राहणारा जुव्हेनाल आदल्या वर्षी वारला होता. आनाक्लेतूच्या खिडकीतून पाटी नेमकी समोर दिसे. त्याला सकाळची कॉफी कडू लागायला लागली.

"टेकडीच्या पायऱ्यांचं सिमेंट कुणी वाहिलं? मी! आणि हा गडी सावलीत बसून 'थोडं डावीकडे, थोडं डावीकडे' म्हणत होता."

"अरे, मेलाय तो आता," बायको जांदिरा म्हणाली.

"तेवढं एकच काम त्याने धड केलं."

"कुस्कुस खा गपचूप. मेलेल्या माणसावर जळणारा नवरा माझ्याच नशिबी!"

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून दोना व्हाल्देलिसीकडे गेला.

"आमच्या वरच्या गल्लीला माझं नाव द्या."

"अहो सेउ आनाक्लेतू, नाव मेलेल्याचंच देता येतं. मृत्यूचा दाखला जोडावा लागतो."

"दाखला मागाहून दिला तर?"

"किती मागाहून?"

"ते काय माझ्या हातात आहे?"

घरी येऊन त्याने कागदपत्रांचा डबा उपसला. त्यात बापाचा दाखला निघाला. बापाचंच नाव मुलाला दिलेलं : आनाक्लेतू बेझेर्रा. मुलाच्या नावापुढे 'फिल्यू', म्हणजे मुलगा, एवढाच काय तो फरक. बाप, हा सहा वर्षांचा असताना, एका धोबिणीबरोबर कारुआरूला पळाला होता. नंतर एकदाच आला, तो बूट मागायला.

"पाटी वाचून लोकांना मीच वाटणार," आनाक्लेतू म्हणाला.

"आणि तू मेलास असंही वाटणार."

तसंच झालं. बापाचा दाखला जोडून त्याने अर्ज केला, मंजुरी मिळाली आणि शहराच्या राजपत्रात 'दिवंगत आनाक्लेतू बेझेर्रा' असं छापून आलं. आधी चर्चच्या बायका मेणबत्त्या घेऊन आल्या. दार त्यानेच उघडलं, तेव्हा पुढची बाई मागच्या दोघींच्या अंगावर कोसळली. मग चौकातल्या दोमिनोच्या सोंगट्या खेळायच्या टेबलावरची त्याची खुर्ची जुव्हेनालच्या मेव्हण्याला मिळाली. तो उठेना. म्हणाला, "छापून आलंय." शेवटी मतदार यादीतूनही नाव उडालं, आणि मग मात्र दोना व्हाल्देलिसी स्वतः धापा टाकत टेकडी चढून आली.

"माझं हक्काचं मत गेलं की हो! अर्ज मागे घ्या, नाहीतर मेलेला कोण ते लिहून द्या."

सगळा चौक बघत होता. अर्ज मागे घेतला तर पाटी गेली. आनाक्लेतूने पेन घेतलं. मग त्याने लिहिलं : मेले ते माझे वडील.

"छान," ती म्हणाली. "पुन्हा घोटाळा नको. मी बघते काय ते."

अनावरणाला बँड होता. दोना व्हाल्देलिसीने मेलेल्याच्या त्यागावर पाव तास भाषण केलं. मग फडकं ओढलं. वर मोठ्या अक्षरांत 'आनाक्लेतू बेझेर्रा गल्ली'. खाली बारीक अक्षरांत 'वडील. मुलगा नव्हे.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुव्हेनालचा मेव्हणा पुढे झाला. "म्हणजे सिमेंट तुझ्या बापाने वाहिलं होय? आणि तू इतकी वर्षं आम्हाला सांगत होतास..."

ही पाटी तर दाराच्याच भिंतीवर होती. आनाक्लेतू जाता-येता तिच्याकडे पाठ करी.

"सहा वर्षांच्या पोराला टाकून गेला, आणि आता माझ्या दारात नाव लावून बसलाय. बूट तरी परत केले का त्याने?"

"जुव्हेनाल बरा म्हणायचा," जांदिरा म्हणाली.

त्यानंतर त्याने जुव्हेनालचं नाव काढलं नाही. रोज सकाळी चालत जाऊन टेकडीवर अजून बिननावाच्या किती गल्ल्या उरल्यात ते तेवढं मोजून यायचा. दोना व्हाल्देलिसी कामाची बाई, दरवर्षी दोन-तीन उरकायची. शेवटची गल्ली तिने २००१च्या फेब्रुवारीत एका वारलेल्या भाजीवाल्याच्या नावे केली.

आनाक्लेतू बेझेर्रा फिल्यू १४ मार्च २००१ रोजी सकाळी वारला.